मुरलेले पान

काळ ज्या वस्तूंवरून जातो त्यांच्यासाठी मराठीत दोन निराळे शब्द आहेत. रात्रीची भाकर सकाळी शिळी होते. वैशाखात घातलेले लोणचे मात्र दिवाळीपर्यंत मुरते. दोन्ही ठिकाणी काळ तोच, हवा तीच, घरही तेच. तरी एकीकडे आपण नाक मुरडतो आणि दुसरीकडे तोंडाला पाणी सुटते. भाजी शिळी होते, तांदूळ जुना होतो. फूल कोमेजते, तूप औषधी होते. आपल्या वैद्यांनी तर जुन्या गुळाला आणि जुन्या तुपाला मानाचे पान दिले आहे. माणसांच्या बाबतीतही आपण हाच भेद करीत असतो. एखादा गवई मुरलेला आहे असे आपण कौतुकाने म्हणतो. एखादा पुढारी मुरलेला आहे असे म्हणताना मात्र शेजाऱ्याकडे पाहून हळूच डोळे मिचकावतो. तेव्हा मुरणे ही सरसकट चांगलीच गोष्ट आहे असेही नाही.

जतन केल्याने काही वस्तू चांगल्या होतात, हे कोणीही मान्य करील. पण त्या जतन करणारा माणूस त्यामुळे चांगला होतो काय? आणि बारीकसारीक चव ओळखता येणे हा माणसाचा गुण म्हणावा, की नुसती हौस? फराळाची ताटे समोर असताना असले प्रश्न विचारणे हे थोडे अरसिकपणाचे आहे, हे मला कबूल आहे. परंतु जिभेचा विचार जिभेला काम असतानाच सुचतो, त्याला इलाज नाही.

या विचारासाठी मी लोणच्याची बरणी बाजूला ठेवून दूरदेशीची एक वस्तू घेणार आहे. क्यूबा बेटावरची, काळसर पानाने मढवलेली, वर्षानुवर्षे पेटीत राखलेली सिगार. चांदूर रेल्वेच्या मास्तराने हवानाच्या सिगारीवर लिहावे, याचे कोणाला हसू येईल. आमच्या गावात कापसाच्या गाठी पाहिलेली माणसे पुष्कळ. असली सिगार पाहिलेला एखादाच. पण उदाहरण जितके टोकाचे, तितका प्रश्न स्वच्छ दिसतो. लोणच्यात पोट आहे, पोषण आहे, घरची माया आहे. सिगारीत यांपैकी काहीच नाही. तिथे उरतात फक्त काळ आणि चव.

क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ नावाचा प्रांत आहे. त्यातल्या व्वेल्ता आबाहो या भागातली तांबडी माती तंबाखूसाठी जगात नावाजलेली आहे. तिथे सिगारीच्या पोटात भरायचे पान उन्हात वाढवतात आणि वरून गुंडाळायचे पान पातळ कापडाच्या मांडवाखाली, सावलीत वाढवतात. पोटातले पान बळ देते, वरचे पान रूप देते. आणि दोहोंच्या मध्ये आणखी एक पान असते, ते सगळ्यांना बांधून ठेवते. कोणत्याही एकत्र कुटुंबात ही तिन्ही पाने आढळतील! पाने वाळली की त्यांच्या राशी घालतात. राशीत ओल आणि ऊब कोंडली जाऊन पान आतून आंबते, त्याला जणू घाम येतो, त्यातला अमोनियाचा उग्र दर्प निघून जातो. जे जाड पान ही ऊब अधिक दिवस सोसते ते गडद तपकिरी, जवळजवळ काळे होते. त्याला स्पॅनिश भाषेत 'मादुरो', म्हणजे पिकलेले, असे म्हणतात. फळाला लावायचा शब्द त्या लोकांनी पानाला लावला आहे.

सिगार वळून झाल्यावरही तिचे पिकणे थांबत नाही. म्हणून ती ठेवण्याचेही एक शास्त्र आहे. पेटी लागते ती 'स्पॅनिश सीडर' नावाच्या लाकडाची. हे लाकूड स्पेनचेही नव्हे आणि देवदारही नव्हे. ते झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. धान्यात निंबाचा पाला घालणाऱ्या आमच्या आजीबाईंना त्या झाडाची ओळख करून द्यावी लागली नसती. पेटीत हवेची आर्द्रता शेकडा ६५ ते ७० च्या दरम्यान आणि उष्णता १८ ते २१ अंशांच्या आसपास राखावी लागते. हवा कोरडी झाली की वरचे पान तडकते आणि सुवासिक तेले उडून जातात. दमट झाली की बुरशी धरते. तापली की तंबाखूतला बारीक भुंगेरा अंड्यांतून बाहेर पडतो आणि पानाला भोके पाडतो. हाच भुंगेरा आपल्या हळदीच्या आणि मिरचीच्या डब्यांतही संसार थाटतो. आमच्याकडे वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो आणि दाराच्या फळ्यासुद्धा उन्हाने आखडतात. अशा गावात एक सिगार दहा वर्षे राखायची म्हणजे घरात एक हिवाळा कोंडून ठेवण्यासारखेच आहे.

इतके सांभाळून दहा-पंधरा वर्षांनी ती पेटवायची. तीही घाईने नव्हे. आधी टोक कापून नुसताच एक झुरका घ्यायचा, धुराशिवाय. मग ज्योतीपासून किंचित दूर धरून, फिरवीत फिरवीत शेकायची. रॉकेलचा वास असलेली ज्योत चालत नाही. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा. पहिला तिसरा हिस्सा एका चवीचा, मधला दुसऱ्या, शेवटचा तिसऱ्या. जाणकार त्यात कोको, कॉफी, मनुका, कातडे, लाकूड आणि ओली माती एवढ्या चवी ओळखतात. जुन्या सिगारीत तिखटपणा ओसरतो आणि गोडवा वर येतो, असे म्हणतात. तासा-दीड तासात सगळे संपते. दहा वर्षांच्या राखणीची मूठभर राख उरते.

या माणसाला हसणे सोपे आहे. पण त्याची बाजू आधी नीट ऐकून घेतली पाहिजे. तो म्हणेल, "मास्तर, तुमच्या गावातला माणूस खर्रा घोटतो, गालात धरतो आणि दिवसभर थुंकतो. त्याला कसली चव कळते? मी महिन्यातून एकदा बसतो, दीड तास गप्प बसतो, लक्ष देतो. मी व्यसनी नाही, रसिक आहे. वाट पाहायला शिकलो, म्हणूनच हावरेपणातून सुटलो." या बोलण्यात तथ्य आहे. लक्ष देणे हा खरोखरच गुण आहे. जो माणूस एका पानातल्या सहा चवी ओळखतो, तो निदान त्या वेळेपुरता जगाकडे जागेपणाने पाहतो. शाळेत आम्ही मुलांना दुसरे काय शिकवतो? कवितेतल्या एका शब्दावर थांबा, घाई करू नका, हेच ना?

तथापि रसिकपणाने व्यसन जिंकले जाते, हे मात्र अनुभवाला धरून नाही. माणसाच्या मनाचे तळघर ज्याने उघडले, त्या सिग्मंड फ्रॉइडचे उदाहरण घ्या. दिवसाला वीसेक सिगारी ओढणारा हा मनुष्य. १९२३ साली त्याच्या जबड्यात कर्करोग निघाला. पुढच्या सोळा वर्षांत त्याच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. बोलणे आणि खाणे जड झाले. तरी सिगार पूर्णपणे सुटली नाही. १९३९ साली लंडनमध्ये तो वारला. दुसऱ्यांच्या मनातली गाठ सोडवणाऱ्याला स्वतःच्या बोटांमधली गाठ सोडवता आली नाही. धूर छातीत घेतला नाही तरी तो तोंड, जीभ, घसा यांना सोडीत नाही. पान किती वर्षे मुरले होते याची चौकशी रोग करीत नाही.

म्हणजे चव सूक्ष्म झाल्याने चवीचा विषय निर्मळ होत नाही. हे एवढे स्पष्ट आहे, तरी आपण व्यवहारात उलट वागतो. झाडाखाली विडी ओढणाऱ्या मजुराला आपण व्यसनी म्हणतो, आणि काचेच्या कपाटात सिगारीची पेटी ठेवणाऱ्याला शौकीन. एकाला उपदेश, दुसऱ्याला दाद! या बाबतीत दिवाणखान्यापेक्षा कायदा शहाणा निघाला. १९६६ साली आपल्या देशात कामगारांसाठी जो कायदा झाला, त्याचे नावच मुळी 'विडी आणि सिगार कामगार' असे होते. कायद्याने दोघींना एकाच सतरंजीवर बसवले, आणि ते योग्यच झाले. दोन्ही म्हणजे पानात गुंडाळलेले पानच. आपला 'चिरूट' हा शब्ददेखील 'गुंडाळणे' या अर्थाच्या तामिळ शब्दावरून आलेला आहे.

खरे सांगायचे तर विडीच्या बाजूने एक गोष्ट बोलता येते, ती सिगारीच्या बाजूने बोलता येत नाही. आमच्या वऱ्हाडात अनोळखी माणसाजवळ चिमूटभर तंबाखू मागायला कोणाला लाज वाटत नसे. तळेगाव दशासरच्या शंकरपटाला चार गावांची माणसे जमली, की चंच्या सुटत, एका विडीवर दुसरी पेटे, आणि तेवढ्या धगीवर सोयरिकीसुद्धा जुळत. वस्तू वाईट होती, पण मागण्या-देण्यात माणुसकी होती. सिगारीची पेटी मात्र कुलपात असते. तिची किंमतच मुळी दुसऱ्याला ती मिळत नाही यावर वाढते.

याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाच्या मालावर बंदी घातली. त्यांचे वृत्तसचिव पिएर सॅलिंजर यांनी पुढे सांगितले, की सही करण्याच्या आदल्या संध्याकाळी अध्यक्षांनी त्यांना बोलावून हजारभर क्यूबन सिगारी आणायला सांगितल्या. सॅलिंजरनी गावभर फिरून बाराशे जमवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा ऐकून अध्यक्ष खूष झाले आणि त्यांनी खणातून कागद काढून सही केली. या गोष्टीला लोक हसतात. मलाही हसू आले. पण तिच्यातला मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या रात्री बाराशे सिगारींची चव तसूभरही बदलली नव्हती. बदलले ते एवढेच, की सकाळनंतर त्या इतरांना मिळणार नव्हत्या. त्या बंदीपूर्वीच्या सिगारींना पुढे संग्राहकांच्या बाजारात जे मोल आले, त्यात पानाचा वाटा किती आणि बंदीचा किती, हे एखाद्या सराफाने तोलून सांगावे!

म्हणजे जतन आणि साठेबाजी यांच्यात एक पुसट रेघ असते, आणि ती वस्तूत नसून हेतूत असते. आमच्या भागात पूर्वी जमिनीत पेव खणून त्यात ज्वारी भरीत. तळाला आणि कडांना कडबा अंथरायचा, वर माती लोटून तोंड बंद करायचे. बाजूची ज्वारी काळी पडे, पण आतली वर्षानुवर्षे टिके. १८९९–१९०० चा मोठा दुष्काळ वऱ्हाडावर कोसळला, तेव्हा ज्या गावात भरलेले पेव होते त्या गावाला ते पेव म्हणजे गावाचे आयुष्यच होते. त्याच काळ्या दिवसांत भाव चढण्याची वाट पाहत झाकलेले पेवही असेल. दोन्ही पेवांतली ज्वारी सारखीच, खड्डाही सारखाच. एक उपाशी माणसाच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते, दुसरे त्याच्या उपासाकडे.

जुनी माणसे पेव उघडल्याबरोबर आत उतरत नसत. कोंडलेल्या धान्याने आतली हवा विषारी झालेली असते. म्हणून आधी दोरीने कंदील आत सोडायचा. तो विझला तर थांबायचे, जळत राहिला तरच उतरायचे. साठवलेल्या कोणत्याही सुखाच्या बाबतीत हा कंदील माणसाने जवळ ठेवावा असे मला वाटते. माझ्या कंदिलाच्या उजेडात सिगारीच्या पेटीत पहिल्यांदा दिसतात ते हात.

हवानाच्या कारखान्यांत एक चाल आहे, ती कोणाही लेखकाच्या मनाला मोह घालील. १८६५ साली तिथल्या 'एल फिगारो' या कारखान्यात सिगारी वळणाऱ्या कामगारांनी आपल्यासमोर मोठ्याने वाचन करणारा वाचक बसवला. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत. सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. हात पान वळीत असत आणि कान गोष्ट ऐकत असत. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सरकारने या वाचनावर बंदी घातली, यावरून ते वाचन किती सकस होते हे कळते. पण चाल मेली नाही. क्यूबाच्या स्वातंत्र्याचा कवी होसे मार्ती १८९१ साली अमेरिकेतल्या टँपा गावी भाषणे द्यायला गेला, तेव्हा त्याला ऐकायला आणि पैसे द्यायला पुढे आले ते सिगार वळणारेच. 'मॉन्टेक्रिस्टो' हे सिगारीचे नाव कामगारांना आवडलेल्या द्यूमाच्या कादंबरीवरून पडले, असे सांगतात. कादंबरीकाराला याहून मोठे पारितोषिक कोणते?

आपल्याकडे सोलापूर, सिन्नर, कामठी इथल्या बायांनी विड्या वळल्या आणि अजून वळतात. सूप मांडीवर, कात्रीने कापलेले पान, चिमूटभर जर्दा, बोटांचा एक वेढा आणि दोरा. हजार विड्यांवर मजुरी, आणि त्यातून नापास विड्यांची छाट. नाकातोंडात तंबाखूची धूळ. आणि कादंबरी वाचून दाखवणारे कोणी नाही. त्या विडीतला जर्दा निपाणीचा असे. १९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी तंबाखूला भाव मागितला, शरद जोशींच्या मागे रस्त्यावर ठाण मांडले, आणि त्या एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात शेतकरी प्राणाला मुकले. विडीवरचे तेंदूचे पान पुष्कळसे आपल्याच विदर्भातले, गोंदिया-गडचिरोलीच्या रानातले. असे हे पान. त्याच्या शिरांतून किती माणसांचे आयुष्य वाहते! ते वाईट आहे असे एका वाक्यात म्हणून मोकळे होणे मला जमत नाही.

आणि तरीही म्हणावे लागते. मी शाळामास्तर आहे. वर्गात धडा मोठ्याने वाचून घेण्याची माझी पद्धत आहे. अलीकडे एका नववीतल्या मुलाला मी उभे केले. मुलगा हुशार, समजही चांगली; पण शब्द ओठांतच घुटमळू लागले. जवळ जाऊन तोंड उघडायला सांगितले, तर दोन बोटांपलीकडे ते उघडेना. खर्ऱ्याने गालाची कातडी आतून आवळली होती. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा कायदा २००३ साली झाला, गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. पण कायदे फळ्यावरच्या सुविचारासारखे रोज दिसतात आणि कोणी वाचीत नाही. तिकडे तंबाखू वळणाऱ्यांसमोर वाचक वाचीत होता. इकडे तंबाखूने वाचणाऱ्याचेच तोंड बंद केले. हे दृश्य पाहिल्यापासून चवीच्या तत्त्वज्ञानातल्या पुष्कळ सुंदर वाक्यांवरचा माझा जीव उडाला आहे.

मग चव ओळखण्याचा गुण टाकून द्यायचा काय? मुळीच नाही. गाडगेबाबा आपल्या कीर्तनात उपदेश करण्याऐवजी प्रश्न विचारीत, आणि उत्तर समोरच्या माणसांकडूनच घेत. तसाच एक साधा प्रश्न मुरलेल्या प्रत्येक वस्तूला विचारता येईल: ही वस्तू मी माझ्या लेकराच्या ताटात वाढीन काय? लोणच्याची बरणी या प्रश्नाला हसत हसत उतरते. जुना तांदूळ उतरतो. जुने तूप रोज वाढण्याची वस्तू नव्हे, पण लेकरू आजारी असेल तर वैद्याच्या सांगण्याने तेही उतरते. सिगारीची ती सुंदर, काळी, दहा वर्षे जपलेली पेटी मात्र इथे गप्प बसते. तिच्यावर जीव टाकणारा बापदेखील आपल्या मुलाने ती ओढावी असे म्हणत नाही. त्याच्या जतनाला वारस चालत नाही. जे पुढच्या पिढीच्या हाती देताना आपलाच हात मागे येतो, त्याला संग्रह म्हणावे, पेटी म्हणावे, हौस म्हणावे. जतन हा शब्द त्याला देऊ नये.

जतन कशाला म्हणावे याचे एक उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे लहानसे गाव आहे. २०१२ साली तिथल्या ग्रामसभेला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूची पाने तोडून विकण्याचा हक्क त्यात आलाच, आणि रानातल्या माणसाला उन्हाळ्यात रोख पैसा देणारे दुसरे साधन सहसा नसते. तरी गावाने बसून विचार केला आणि तेंदू न तोडण्याचे ठरवले. पाने चांगली यावीत म्हणून झाडे छाटावी लागतात, रानाला आग लावली जाते. फळ येत नाही. आणि शेवटी त्या पानाची विडी होऊन ती कोणाचे तरी आयुष्य खाते. गावाने बांबूवर पोट भरायचे ठरवले. बांबू होता म्हणून हे जमले, हेही सांगितले पाहिजे. ज्या गावाजवळ बांबू नाही, त्याला पाचगावचे नाव घेऊन बोल लावण्याचा अधिकार पोट भरलेल्या माणसाला नाही. त्याग करायलासुद्धा काहीतरी आधार लागतो. तो आधार उभा करणे हे बाकीच्या समाजाचे काम आहे.

पण ते पान आता तिथे झाडावरच राहते. ते वाळवीत नाहीत, राशीत घालीत नाहीत, पेटीत ठेवीत नाहीत. झाड मोठे होते आणि उन्हाळ्यात त्याला पिवळी, गोड टेंभरे लागतात. ती माणसे खातात, पाखरे खातात, आणि गावातली मुले खिसे भरून आणतात.